तांदळातलं भात

बाळारामबद्दल लिहायचं मी फार वर्षं टाळलं. कोणी विचारलं की त्याचे गमतीचे किस्से सांगायचो, ऐकणारे हसायचे, आणि त्या हसण्याच्या आडून मी निसटायचो. किस्से खरे आहेत. आजही तेच सांगणार आहे. फक्त या वेळी मध्येच थांबणार नाही.

सुरुवात अक्षतांपासून करतो, कारण पनवेलमध्ये निम्मे लोक त्याला अक्षतांमुळेच ओळखायचे.

लग्नात 'सावधान' म्हटलं की सगळा हॉल अक्षता टाकतो. बाळाराम टाकत नसे. चष्मा कपाळावर चढवून, डाव्या तळहातावर अक्षता पसरून, तो उजव्या हाताच्या बोटानं एकेक दाणा बाजूला सारत बसायचा. नवरा-नवरीकडे त्याचं लक्षच नसायचं. मागच्या रांगेतून आलेल्या अक्षता त्याच्या टोपीवर पडायच्या, तर टोपी काढून त्याही तपासायचा. आणि मग एखाद्या लग्नात, भटजी शेवटचं कडवं ओढून ओढून म्हणत असताना, मोठ्यानं आवाज यायचा, "हाय! हाय एक!"

लोक वळून बघायचे. बाळारामच्या चिमटीत साल न निघालेला एक दाणा असायचा. आमच्या पनवेल-उरणकडे सालासकट असतं ते भात आणि साल निघाली की तांदूळ. गिरणीत कितीही चांगलं भरडलं तरी तांदळात भाताचा एखादा दाणा राहून जातो. निवडताना बायका तो काढून टाकतात आणि विसरतात. बाळाराम तो शेजारच्या अनोळखी माणसाच्या नाकासमोर धरायचा.

"रावतो की नाय? बोला. चुकून एक रावतोच की नाय?"

"हो, राहतो," शेजारचा म्हणायचा. लग्नात दुसरं काय म्हणणार?

बाळारामला तेवढंच हवं असायचं. दाणा खिशात टाकून तो पंगतीला बसायचा. आमंत्रण असो नसो, कळंबोलीपासून उरणपर्यंतच्या लग्नांना तो हजर. एकदा रोडपालीच्या एका हॉलमध्ये दारावरच्या तरुणानं त्याला अडवलं. "काका, तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मी अक्षतांकडचा," बाळाराम म्हणाला आणि आत गेला.

दुसरी तऱ्हा दाराची. कोणाच्याही दारावर तो तीनदा टकटक करायचा आणि आतून "कोण आहे?" आलं की गंभीरपणे सांगायचा, "कोनी नाय." माझी सून पहिल्या वेळी घाबरून शेजारणीला बोलावून आली होती. उलव्याला त्याची स्वतःची पाच मजली बिल्डिंग होती. विमानतळाच्या कामात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बांधलेली. तिथं एकदा नवा वॉचमन आला. बाळाराम बाजारातून परत येतोय, वॉचमननं विचारलं, "कौन?" बाळाराम म्हणाला, "कोनी नाय." वॉचमननं शहाण्यासारखा वर इंटरकॉम केला.

"मॅडम, गेट पे कोई नहीं है."

"मंग फोन कनाला केलास?" वहिनी, म्हणजे बाळारामची बायको.

"वो खुद बोल रहे हैं, कोई नहीं है."

"सोड त्याला वर. तो माजाच नवरा हाय."

या दोन तऱ्हांवर मी कितीतरी संध्याकाळी रंगवल्या. तिसरी मात्र कधी कोणाला सांगितली नाही. ती खोलीची.

बिल्डिंगचा नकाशा होत होता तेव्हा बाळारामनं आर्किटेक्टला सांगितलं की सगळ्यांत वर, पाण्याच्या टाकीखाली, एक खोली पाहिजे. तिला खिडकी नको. आणि दार कोणाला दिसता कामा नये.

"काका, दार दिसलं नाही तर माणूस आत जाणार कसा?"

"ज्याला जावाचा हाय त्याला म्हाईत हाय."

आर्किटेक्ट तरुण होता, त्यानं हात टेकले. शेवटच्या जिन्याच्या वळणावर एक लोखंडी कपाट उभं केलं गेलं. कपाटाला पाठ नव्हती, तिथंच दार. वास्तुशास्त्रवाला येऊन म्हणाला, बंद खोली घराला बरी नाही. कॉन्ट्रॅक्टरची खात्री होती की नोटा ठेवायला आहे. भाडोत्र्यांत कोणी सोनं म्हणे, कोणी दुसरी बायको म्हणे. कोणीतरी कळवलं असावं, कारण एक दिवस हवालदार आला. बाळारामनं स्वतः कपाट उघडलं, दार उघडलं, दिवा लावला. आत जमिनीवर गोल मांडलेली गोणपाटं आणि मधोमध लाकडाची एक रिकामी अधोली, धान्य मोजायचं जुनं माप. दुसरं काही नाही.

"हे काय आहे?"

"हॉल हाय."

"कसला हॉल?"

"मीटिंगचा."

"कोणाची मीटिंग?"

"ते सांगता येत नाय."

हवालदार गोणपाटं उलटी करून बघून, चहा पिऊन गेला. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. दिव्याचं बटण दाराबाहेर होतं, आणि तो आत असेपर्यंत बाळाराम उंबऱ्याबाहेर उभा होता. स्वतः बांधलेल्या त्या खोलीत बाळारामनं कधीच पाऊल टाकलं नव्हतं.

आता मी जिच्या अलीकडेच नेहमी थांबतो ती जागा आली.

बाळाराम आणि मी पनवेलच्या कॉलेजात एका वर्गात होतो. तो खाडीकडच्या गावातून चालत यायचा, मी पनवेलातलाच. आमच्यात करंदीकर नावाचा मुलगा होता. त्याच्या घरी परदेशातल्या काकांकडून इंग्रजी मासिकं यायची. एका मासिकात त्यानं वाचलं की तिकडच्या मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची गुप्त मंडळं असतात. त्यांच्या सभेच्या इमारतींना खिडक्या नसतात, आत काय चालतं ते कोणाला कळत नाही, आणि पुढं हेच सभासद देश चालवतात. करंदीकरनं ठरवलं, देश चालवायचा तर आधी खिडकी नसलेली खोली शोधली पाहिजे.

"तिकडे त्या इमारतींना थडगी म्हणतात," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"आमच्यात थडग्यात कोनी बसत नाय, करंदीकर," बाळाराम म्हणाला. "मेल्याव पन नाय. आमच्यात जालतात."

पण खोली शोधून दिली ती बाळारामनंच. त्याचे वडील, गोमादादा, बंदराजवळच्या भाताच्या गिरणीत हमाल होते. गिरणीच्या मागं तुसाची खोली होती, भाताची साल तिथं पडायची. तुसाच्या ढिगामागून एक शिडी वर जायची, आणि वर जुनी पोती ठेवायचा माळा. खिडकी नाही, झरोका नाही. दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. गोमादादांनी मालकाला न विचारता आम्हाला तिथं बसू दिलं. कॉलेजची मुलं आहेत, अभ्यास करत असतील, असं त्यांना वाटलं.

आम्ही अभ्यास सोडून सगळं केलं. दारावर तीन टकटका. आतून "कोण आहे?" बाहेरून "कोणी नाही." मगच दार उघडायचं. नाव मंडळाला नव्हतं, कारण नाव ठेवलं तर फुटेल. माळ्यावरून उतरताना केसांत तूस अडकायचं, अंग खाजायचं, आणि बाहेर पडलेल्या गुप्त मंडळाचे सभासद भर बाजारातून पाठ खाजवत घरी जायचे. खाली गिरणीचा पट्टा चढला की माळा हादरायचा, कानाशी तोंड लावलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून करंदीकरनं नियम केला होता. आवाज सुरू झाला की बोलणारानं थांबायचं, आवाज थांबला की जिथं थांबला तिथून पुढं. "मित्रहो, या देशाला," असं म्हणून तो एकदा थांबला तो पोत्यांची रास संपेपर्यंत थांबला. आवाज बंद झाल्यावर देशाला काय हवंय ते त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मत द्यायची पद्धत बाळारामची. अंधारात दोन ढीग करायचे, एक तांदळाचा, एक भाताचा. अधोली फिरवायची. 'हो' असेल तर तांदळाचा दाणा टाकायचा, 'नाही' असेल तर भाताचा. एक जरी भात निघालं तरी ठराव पडला. आम्ही बहुतेक वेळा भजी आणायची की चिवडा, यावरच मत घ्यायचो. खरं सांगायचं तर लपवावं असं आमच्याकडे काही नव्हतंच. गुपित एकच, मंडळाची जागा.

ते एकमेव गुपित मी फोडलं.

गिरणीमालकाची भाची नलू त्या वर्षी शिकायला मामाकडे आली होती. वडाळे तलावाच्या काठी एक दिवस तिच्याबरोबर चालताना तिच्यावर छाप पडावी असं मला फार वाटलं, आणि छाप पडेल असं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी सांगितलं. थडगी, परदेश, माळा, सगळं. नलूनं जांभई दिली. "एवढंच? माळ्यावर बसता? उंदीर नाहीत का तिथं?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच आठवड्यात जेवताना तिनं मामाला विचारलं, "मामा, गिरणीच्या माळ्यावर उंदीर आहेत का हो? मुलं बसतात ना तिथं."

मालक माळ्यावर चढला. तिथं विड्यांची थोटकं होती, आणि खाली तुसाचा ढीग. एका ठिणगीत गिरणी गेली असती. तो बरोबरच चिडला. गोमादादांना त्यानं तिथल्या तिथं कामावरून काढलं. आम्हाला दुसऱ्या दुपारपर्यंत आपलं सामान न्यायला सांगितलं.

त्या दुपारी गिरणी जेवणासाठी बंद असताना शेवटची सभा झाली. करंदीकर म्हणाला, कोणीतरी जागा फोडली. मग म्हणाला, बाळारामचे वडील इथेच कामाला होते, बाळाराम गिरणीत कोणाजवळ काही बोलला असेल.

"मी माज्या बापाच्या पोटाव पाय देन काय, करंदीकर?" बाळाराम म्हणाला.

अंधारातही कळलं की सगळ्यांना ते पटलं. पण करंदीकरला नियम सोडवेना. बाळारामला मंडळात ठेवायचं की नाही, मत घ्या, म्हणाला. अधोली फिरली. सगळे त्याला ठेवणार हे मला दिसत होतं. आणि त्याच्या पुढचंही दिसत होतं. बाळाराम सुटला की प्रश्न येणार, मग सांगितलं कोणी?

लोक म्हणतात, अंधारात हात चुकतो. भाताचा दाणा बोटाला टोचतो. त्याची साल खरखरीत असते. मला तो नीट लागला. मी तो टाकला.

दाराच्या फटीशी अधोली उपडी केली. सगळे तांदूळ, आणि त्यात एक भात. बाळारामनं वाकून तो दाणा पाहिला, कोणाकडेही न बघता शिडी उतरला आणि केसांतलं तूस न झटकता चालत गेला. कॉलेजात तो पुन्हा आला नाही. बापलेक दोघं मिठागरावर कामाला लागले. मंडळही संपलं. जागा गेल्यावर उरलं काय होतं?

मी शिक्षक झालो. मुलांना खरं बोलावं असं शिकवत राहिलो. नलूचं लग्न नाशिकला झालं, मी जेवायला गेलो होतो.

बाळारामची पुन्हा भेट झाली ती दोघांचे केस पांढरे झाल्यावर, पनवेलच्या एका लग्नात. मागच्या रांगेतून "हाय एक!" ऐकू आलं आणि तो आवाज मी ओळखला. पळून जावंसं वाटलं, पण त्यानं मला आधी पाहिलं होतं.

"सुधाकर? अरे सुध्या! वलखलास का नाय?"

त्यानं मला भर मांडवात मिठी मारली आणि जेवण झाल्यावर रिक्षात घालून थेट उलव्याला नेलं. पाच मजले चढवले. कपाट उघडलं. मी आत पाहिलं. माळाच होता तो. गोणपाटं तशीच गोल, अधोली मधोमध.

"जा आत," तो म्हणाला. "तुजी गोन दाराशी हाय. तुला तुसाचा खोकला व्हायाचा ना, म्हनून."

मला खोकला व्हायचा हे मीच विसरलो होतो.

"आणि तू?"

"मना कसा येता येल?" देवळात चपला घालून कसं येता येईल, असं म्हणावं तितक्या सहज तो म्हणाला. "मना काढलाय नाय का?"

मी आत बसलो. तो बाहेर, जिन्याच्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीत. पुढं मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा असंच. तो माझ्या घरी आला की सोफ्यावर ऐसपैस बसायचा, इथं मात्र उंबऱ्याबाहेर. वहिनी चहा घेऊन वर यायच्या आणि म्हणायच्या, "दोगं म्हातारे, एक आत, एक भायेर. तुरुंगात भेटाला आल्यावानी." बाळाराम हसायचा. आत कोण आणि भेटायला कोण आलंय, हे मला वहिनींना विचारायची हिंमत झाली नाही.

अक्षतांचं कोडंही तिथंच उलगडलं. करंदीकरच्या नियमांत एक नियम होता, मी तो साफ विसरलो होतो. मंडळातून काढलेल्याला परत घ्यायचं असेल तर ज्यानं भात टाकलं त्यानं सभेत उठून कारण सांगायचं, मग पुन्हा मत.

"पन कोनी टाकलाच नाय ना," बाळाराम म्हणाला. "मी लय इचार केला. माज्या इरुद्ध टाकनारा आपल्यात कोन हुता? करंदीकर येडा, पन वंगाल नवता. बाकीचे तर माज्या डब्यातलं बोंबील खाऊन वाढलं. मंग माज्या डोक्यात आला. कोनीतरी तांदलाच्या ढिगातना दाना उचलला, आनि तोच नेमका साल न निघालेला. चुकून. तांदलात एक रावतो का नाय?"

खुर्चीखालून त्यानं लोणच्याची जुनी बरणी काढली. अर्धीअधिक भाताच्या दाण्यांनी भरलेली. लग्नांतले, वाण्याच्या पोत्यांतले, हॉटेलच्या ताटांतले, घरच्या निवडणातले. बिल्डिंगखालच्या वाण्यानं त्याला पोत्यात हात घालायची बंदी केली होती. "काका, आता मशीन दाणा निवडतं," वाणी म्हणायचा, "सापडायचा नाही." आणि खरंच सापडेनासा झाला होता. म्हणून लग्नं. अक्षतांना अजून कोणी महागाचा तांदूळ वापरत नाही.

"हल्ली मिलत नाय रं," तो बरणी हलवत म्हणाला. "पन हे बग. येवढं मिललं. मंजे व्हऊ शकता ना?"

या माणसाच्या बापाची रोजी मी घालवली, त्याचं कॉलेज घालवलं, आणि तो आयुष्यभर गावोगावच्या तांदळात माझ्यासाठी सबब शोधत होता. नाव माहीत नव्हतं, तरी माझ्यासाठीच.

"होऊ शकतं," मी म्हणालो.

एकेक करून मंडळातले सगळे गेले. करंदीकर पुण्यात वारला. ती बातमी मीच बाळारामला सांगितली, तेव्हा त्यानं टोपी काढून हातात धरली. मग म्हणाला, "आता तूच रायलास, सुध्या. पुरा मंडल तूच."

मग लग्नाचं विचारायला आलेल्या मुलासारखा खाली बघत तो म्हणाला, "मत घेतोस का परत?"

त्यानं तयारी आधीच करून ठेवली होती. एका कागदावर तांदूळ, एकावर भात. दोन्ही त्यानं उंबऱ्यावरून हात लांबवून माझ्यापुढं सरकवले, पण खुर्चीचे पुढचे पायही उंबऱ्याला लागू दिले नाहीत.

हीच वेळ होती. याहून सोपी वेळ मला कोणी आणून दिली नसती. आत मी एकटा होतो, ऐकणारा तो एकटा होता, आणि दार उघडं होतं.

"बाळाराम," मी म्हणालो, "तो दाणा,"

आणि वरून विमान गेलं. हल्ली तिथं विमानं अगदी डोक्यावरून जातात. खोली हादरली, अधोली थरथरली. बाळारामनं आनंदानं बोट वर केलं. "गिरन!" असं त्याचे ओठ म्हणाले, आणि नियमाप्रमाणे तो थांबला. मीही थांबलो. त्या आवाजात मला सगळं आठवलं, आणि भीतीही तीच आठवली, जशीच्या तशी. एवढ्या वर्षांत तिचं वय वाढलं नव्हतं.

आवाज गेला. "हां, बोल," बाळाराम म्हणाला. "तो दाना काय?"

"चुकून पडला असणार," मी म्हणालो. "एखादा राहतोच."

मी तांदळाचा दाणा उचलला, अधोलीत टाकला आणि अधोली त्याच्यापुढं केली. "ये आत."

बाळारामनं अधोलीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"बरा झाला," तो म्हणाला. "पन आज रावू दे. तू बसून बोललास, सुध्या. नियम उठून बोलायाचा हाय. पुढल्या टायमाला ये, उठून बोल, मंग येन मी."

तो नियमाला चिकटून बसणारा माणूस होता, म्हणून तसं म्हणाला, की त्याला कळलं होतं आणि तो मला अजून एक संधी देत होता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. खाली उतरताना त्यानं माझा हात धरला होता. "गुडगं जपून," म्हणाला. "पुढल्या टायमापरेंत लिफ्ट चालू व्हईल."

पुढच्या वेळी मी गेलो नाही. गुडघे दुखत होते. उलव्याचा रस्ता खणलेला होता. नातवाची परीक्षा होती. कारणं मला नेहमीच पटकन सापडतात.

दिवाळीनंतर त्याच्या मुलाचा, महेशचा फोन आला. बाळाराम झोपेतच गेला होता.

दिवसकार्य झाल्यावर महेशनं मला बोलावून घेतलं. लिफ्ट चालू झाली होती. वर कपाट उघडं होतं.

"काका, ही खोली कसली हो?" महेश म्हणाला. "बाबांनी कधी सांगितलं नाही. झाडायलापण मलाच आत पाठवायचे, स्वतः बाहेरून सांगायचे, ती गोण हलवू नको, ती जागा त्याची आहे. आता एक कुरियरवाला गोडाऊनला मागतोय. तुम्हाला यातलं काही न्यायचं असेल तर न्या."

खाली कोणीतरी हाक मारली म्हणून तो गेला. मी आत जाऊन दाराशी, माझ्या गोणपाटावर बसलो. समोर उंबरा, उंबऱ्यापलीकडे त्याची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीखाली बरणी. गोणपाटं मोजायची गरज नव्हती, तरी एकेक बघत गेलो. बाळारामला काढल्यावर आम्ही जेवढे उरलो त्यापेक्षा एक जास्त होतं. माझ्या शेजारचं. त्याच्यावर कधी कोणी बसलेलं नव्हतं, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती.

मग मी भिंतीला हात लावून उठलो. वेळ लागला, पण नीट उभा राहिलो.

बाळाराम, तांदळात भात राहिलं नव्हतं. मी भाताच्याच ढिगात हात घातला होता. नलूला मीच सांगितलं होतं, आणि तुझ्यावर येऊ दिलं. माझं चुकलं. तू आत ये.